वाजवून घेतलेला कोळसा

जावयानं पुण्याहून लोखंडी शेगडी पाठवली,
तीन पाय सरळ, चौथा रुसलेला.
फोनवर म्हणाला, डिसेंबरात येतोय आम्ही,
परसात भाजू काहीतरी,
कोळसा तेवढा बघून ठेवा.

तेवढा.
तीस वर्षं ग्वाल्हेरच्या महालेखाकार कचेरीत
पुलांची, कालव्यांची, रोजंदारीची बिलं तपासली मी,
सिमेंटमध्ये वाळू किती, हे कागदाच्या वासावरून सांगितलं.
कोळशाचं प्रकरण टेबलावर कधी आलं नव्हतं.

सिटी सेंटरच्या दुकानात चकचकीत पिशवी.
वर ज्वाळा, ज्वाळांमागे हसणारी बाई,
किलोला एकशे ऐंशी.
उघडून बघू म्हटलं तर मुलगा घाबरला.
न बघता सही करायची मला सवय नाही.
ठेवली परत.

लोहिया बाजारात चाळीस रुपये.
पोत्यात हात घातला, मनगटापर्यंत चुरा.
पोतं जड, गार, नुकतंच न्हाऊन आल्यासारखं.
पाण्याचे पैसे वेगळे, की यातच?
"ओस है माताजी," तो म्हणाला.
दुपारी दोन वाजता
दव.

घरी येताना कोपऱ्यावर हरप्रसाद दिसला,
लिंबाखाली, त्याच्या पितळी इस्त्रीसकट,
जिच्या पोटात सकाळी सातपासून विस्तव असतो.
एकोणीस वर्षं माझ्या सुती साड्या त्याच्याकडे,
एकीलाही ठिणगीचं भोक नाही.
आणि मी बाजार पालथा घालत होते.

त्यानं दोन तुकडे उचलले, एकमेकांवर हाणले.
"सुनो."
बांगडी बांगडीला लागावी तसा आवाज.
मग खालचा एक दुसरा काढला: ठक.
"ये अभी लकड़ी है, कोयले का भेस धरे बैठी है."
तोडून दाखवला, आत तपकिरी.
हा धूर करणार.
साल चिकटलेली असेल तर तडतडणार, साडी गेलीच.
आंब्याचा पटकन पेटतो, पटकन मरतो,
घ्यायचा तर बीहडातल्या विलायती बाभळीचा,
काटे जितके वाईट, विस्तव तितका सरळ.
हे शेवटचं तो इस्त्रीकडे बघून म्हणाला.

हजिऱ्याला शकुंतला बाथमची वखार.
बत्तीस रुपये, दहा किलो घेतला तर तीस.
मी ओट्यावर बसले, पदर खोचला,
एकेक तुकडा वाजवू लागले.
टण. टण. ठक, हा बाजूला. टण.
अर्धा तास तिनं बघितलं.
"पूरा गाना सुनके जाओगी, जिज्जी?"
तरी चहा मागवला.
रिक्षात माझ्या हातांकडे बघून
एका पोरानं विचारलं, आजी, तुम्ही काय करता?

जावई आला. पंखा घेऊन आला होता, गरज पडली नाही.
रताळी, वांगी, पनीर,
आणि माझी पाठ वळल्यावर कोंबडीच्या तंगड्या.
धूर नाही, ठिणगी नाही,
वर पांढरी साय धरून निखारे दोन तास बसून राहिले,
जुन्या हेडक्लार्कसारखे.
मसाल्याचं कौतुक झालं, शेगडीचं झालं.
कोळशाबद्दल कोणी काही बोललं नाही.
चांगल्या हिशेबाबद्दलही कोणी बोलत नाही.

पोत्याच्या तळाशी मात्र एक दगड निघाला,
पाव किलोचा, काळा, अगदी हुबेहूब.
साडेसात रुपयांचा आक्षेप.
मी तो शेगडीच्या रुसलेल्या पायाखाली सरकवला,
बरोबर बसला.

उरलेला तीन किलो सोमवारी हरप्रसादला नेऊन दिला.
त्यानं पिशवीत हात घातला,
काही न बोलता दोन तुकडे काढले,
कानाजवळ धरून वाजवले,
आणि मग घेतली.